पाच घरांत एक नकाशा

कुसुमआत्यांना भेटायचं असेल तर सकाळी अकराच्या आत या, असं शुश्रूषागृहातल्या नर्सने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या गाडीतल्या नकाशात ते शुश्रूषागृह नव्हतं. ते ज्या रस्त्यावर होतं तो रस्ताही नव्हता. ती सगळी वस्तीच नव्हती. गाडीच्या मते तिथे गावाबाहेरचं मोकळं शेत होतं.

अकरा वाजता आत्यांना मॉर्फिनचं इंजेक्शन देत, आणि मग त्या दिवसभर कुणाला ओळखत नसत. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे त्यांना या वर्षीचा नाताळ दिसणार नव्हता. आत्या म्हणजे माझ्या बायकोच्या, विभावरीच्या आत्या. त्यांचे धाकटे भाऊ मोहन हे माझे सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. आत्यांनी तरुणपणी इथे जर्मनीत येऊन एका जर्मन माणसाशी लग्न केलं. नानांच्या वडिलांनी घराचं दार लावून घेतलं, आणि नानांनी, तेव्हा त्यांना स्वतःचं असं मत नसल्यामुळे, आतून कडी घातली. त्याला चाळीस वर्षं होत आली होती. आता नाना गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून पुण्याहून आमच्याकडे स्टुटगार्टला आले होते, ते भाऊबीजेला बहिणीकडून ओवाळून घेण्यासाठी. २००७ साली भाऊबीज रविवारी आली. रविवारी त्या डोंगरावरच्या गावाला बस जात नाही.

"मग गाडीने जाऊ. त्यात काय?" नाना म्हणाले.

"नकाशा अपडेट करायला लागेल, नाना."

"कशाला? माणसं राहतात ना तिथे? विचारत विचारत जाऊ."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. मी गाड्यांच्या नॅव्हिगेशनचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या कंपनीत कामाला आहे. म्हणजे, रस्ता सांगत असताना फोन वाजला तर रस्ता सांगणारा आवाज योग्य तेवढा लहान होतो की नाही, हे मी पाच वर्षं तपासतो आहे. नकाशांचा विभाग दुसऱ्या इमारतीत आहे आणि तिथे माझं कार्ड चालत नाही. पण हे पुण्यात कुणाला माहीत नाही. पुण्यात नानांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, की जर्मनीतल्या गाड्यांना आमचे जावई रस्ता दाखवतात. अशा माणसाने खिडकीची काच खाली करून पत्ता विचारायचा, हे मला शोभलं नसतं.

आता नकाशाबद्दल. त्या काळात नकाशा डीव्हीडीवर यायचा आणि ती डीव्हीडी इतकी महाग असायची, की एका मराठी कुटुंबाने एकट्याने ती घेणं हे उधळपट्टीत मोडलं असतं. आमची पाच घरं होती. पाचही जणांनी एकाच जातीची जुनी गाडी घेतली होती, कारण आमच्यातल्या श्रीधरने आधी घेतलेली चांगली निघाली होती. तेव्हा श्रीधरनेच तोडगा काढला. दिवाळी अंक आम्ही पाच घरांत मिळून घ्यायचो. एकाचं वाचून झालं की पुढच्याकडे. त्याच धर्तीवर डीव्हीडीही मिळून घ्यायची. ज्याला लांब जायचं असेल त्याने मागून घ्यायची. ही व्यवस्था सर्वांना इतकी पटली, की तिच्यातलं व्यंग कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळी अंक माणूस वाचून बाजूला ठेवतो. डीव्हीडी मात्र गाडी चालते आहे तोवर यंत्राच्या पोटातच असावी लागते, आणि सुट्ट्या पाचही घरांना एकाच दिवशी असतात.

शनिवारी सकाळी श्रीधरची बायको नीलिमा डिस्क घेऊन आली. डिस्क चकल्यांच्या डब्यावर ठेवून आणली होती. तिच्यावर तुपाचा अंगठा उमटला होता.

"भांड्याच्या साबणाने धू. मधून बाहेर पूस, गोल नको," नीलिमा म्हणाली. "आणि रविवारी चारला बोबलिंगनच्या हॉलवर दिवाळीचा कार्यक्रम आहे, तोवर डिस्क परत हवी. तिथला पत्ता कुणालाच नीट माहीत नाही."

श्रीधरने फोनवर टूथपेस्ट सुचवली. विभावरी म्हणाली, राख चांगली. मी साबण वापरला. डिस्क लखलखीत झाली आणि यंत्राने ती वाचलीही. वाचून पडद्यावर मजकूर आला, की हा नकाशा वाचण्याइतकं तुमचं सॉफ्टवेअर नवं नाही. नवं सॉफ्टवेअर याच डिस्कवर आहे. ते घालायला सुमारे दीड तास लागेल आणि तोवर इंजिन बंद करू नये. मध्येच बंद केल्यास परिणामांना आपण जबाबदार.

बाकी चौघांनी हे उन्हाळ्यातच उरकलं होतं.

मी बिल्डिंगसमोर इंजिन चालू ठेवून 'होय' दाबलं. नाना कोट, मफलर घालून शेजारी येऊन बसले. त्यांना वाटलं, आपण निघालो. त्यांना उद्याचं सांगून परत पाठवणार, एवढ्यात खिडकीवर झाडूच्या दांड्याने टकटक झाली.

तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले. आमच्याकडे पायऱ्या आणि अंगण झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते. त्या आठवड्यात पाळी त्यांची होती, आणि ज्याची पाळी असते त्याच्याकडे त्या आठवड्यापुरतं राज्य असतं.

"आल्झो, हे बघा," त्या म्हणाल्या, "उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला कायद्याने मनाई आहे."

"विनाकारण नाही. सॉफ्टवेअर घालतोय."

"गाडीत?"

"गाडीत."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यावर बारा टक्के लिहिलं होतं. "सॉफ्टवेअर हे कारण नाही," त्यांनी निकाल दिला. "गाडी चालवण्यासाठी इंजिन. तुम्ही चालवत नाही आहात."

हे बरोबर होतं, आणि त्या मोबाइल काढत होत्या. तेव्हा मी गाडी चालवायला लागलो.

स्टुटगार्ट चढउतारांचं शहर आहे. विशिष्ट कुठेही न जाता त्यात तासभर हिंडणं अवघड नाही. पण शेजारी सासरे आहेत आणि ते दर वळणावर "आलं का?" असं विचारत आहेत, अशा परिस्थितीत ते जड जातं. तेच स्मशान आम्ही तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, "उल्हासराव, माझ्यासाठी बघून ठेवताय की काय?"

चौपन्न टक्क्यांना पेट्रोलचा दिवा लागला.

ज्यांना यातला पेच लगेच दिसणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोल भरायचं तर पंपावर इंजिन बंद करावं लागतं. इंजिन बंद केलं तर सॉफ्टवेअर मरतं. इंजिन बंद केलं नाही तर पेट्रोल संपून ते आपोआप बंद होतं आणि सॉफ्टवेअर तेव्हाही मरतं. मी श्रीधरला फोन लावला. तो म्हणाला, उतारावर गाडी सोडून दे, पेट्रोल वाचेल. उतार संपल्यावर काय, यावर तो म्हणाला, "मग चढ टाळ." घरी फोन केला तर आमच्या नऊ वर्षांच्या तनयाने उचलला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पापा, मग ते काप्पुट होणार." मुलं लहान वयात स्पष्ट असतात.

एक्क्याऐंशी टक्क्यांना इंजिनाने दोन आचके दिले. गाडी बस-थांब्यावर बंद पडली. पडदा काळा झाला.

नानांनी जरा वाट पाहून विचारलं, "आलं?"

पेट्रोल डब्यातून आणून ओतलं तेव्हा गाडी चालू झाली. पडदा झाला नाही. डिस्क बाहेर येईना. शिवाय या गाडीचा हीटरही त्याच पडद्यावरून चालायचा. आता झडपांतून फक्त गार हवा येत होती आणि ती बंद करायचं बटण पडद्यावर होतं. गॅरेजवाला शनिवारी एकला शटर ओढत होता. त्याने शटर ओढता ओढता वाकून आत पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो समाधानाने म्हणाला, "हे असंच होतं. पूर्ण यंत्र बदलावं लागेल. दोन आठवडे."

"उद्या सकाळी जायचंय. एक बाई आजारी आहे."

"उद्या रविवार आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी बाकीच्या घरांचे फोन आले. पाच घरांचा नकाशा माझ्या गाडीच्या पोटात अडकला आहे ही बातमी पसरली होती. जयंत नावाच्या गृहस्थांनी, ज्यांनी आजवर डिस्क एकदाच मागितली होती, त्यांनी 'सार्वजनिक वस्तू' आणि 'वैयक्तिक बेफिकिरी' असे शब्द वापरले. मी त्यांना म्हटलं, की उद्या आमची आत्या कदाचित शेवटची भेटणार आहे. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "हो, ते आहेच. पण कार्यक्रमात गणेशवंदनेला माझी मुलगी आहे."

विभावरीने इंटरनेटवरून रस्ता काढून दोन पानांवर छापला. "हे वाचत जायचं," ती म्हणाली. "मी मागे बसून वाचीन. तू फक्त चालव. डोकं लावू नकोस."

रविवारी तनयाला नीलिमाकडे सोडून आम्ही वेळेत निघालो. हे मी मुद्दाम नोंदवतो. विभावरी मागे, मांडीवर तबक, त्यात कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन आणि बहिणीसाठी पैठणी. नाना पुढे, पायांवर ब्लँकेट, तोंडावर गार वारा. उल्मच्या दिशेने ऑटोबानला लागलो तेव्हा धुकं इतकं होतं, की पुढच्या गाडीचे दिवेच तेवढे दिसत. विभावरी मागून सांगत होती आणि सगळं बरोबर चाललं होतं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. तिथे गाडीला एक सणसणीत हिसका बसला आणि काळ्या पडद्यामागून एक बाई शांत आवाजात म्हणाली, "दोन किलोमीटरनंतर उजवीकडे बाहेर पडा."

मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. "पाहिलंत? चालू झालं!"

"माझ्या कागदावर अजून दोन फाटे सोडून मग उजवीकडे आहे," विभावरी म्हणाली.

"तुझा कागद कालचा आहे. ही आत्ताचं बघते आहे. पुढे काम चाललंय, ती वळसा घेते आहे. तेवढ्यासाठीच तर असतं हे."

"पाटीवर गावाचं नाव नाही हो, उल्हासराव," नाना म्हणाले.

"नाना, मी याच क्षेत्रात आहे."

यावर दोघंही गप्प बसले. मला ते त्या वेळी सहमतीसारखं वाटलं.

बाईने आम्हाला ऑटोबानवरून उतरवलं, एका दरीतून नेलं, दोन गावं ओलांडायला लावली. तिचा आवाज एकदाही डगमगला नाही. मधूनमधून विभावरी "उल्हास" असं म्हणायची, फक्त नाव. शेवटी सफरचंदाच्या झाडांमधून एक अरुंद गल्ली आली. बाई म्हणाली, "आपण घरी पोहोचला आहात."

समोर उतरत्या छपराचं टुमदार घर होतं आणि घराला लागून गॅरेज. मी ब्रेक लावला तेव्हा गॅरेजचं दार आपोआप वर जाऊ लागलं.

आत गाडी नव्हती. भिंतीवर चार टायर टांगलेले होते. बाजूच्या दारातून गाउनवर स्वेटर घातलेली, सत्तरीची एक बाई हातात रिमोट घेऊन बाहेर आली होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती. गाडीच्या नंबरप्लेटच्या जागेकडे, मग बॉनेटकडे, मग परत नंबरप्लेटकडे पाहत होती. नंबर अर्थातच बदललेला होता.

"आवाज आला," ती म्हणाली. "दार उघडलं गेलं माझ्या हातून."

मी उतरलो. काय झालं आहे ते कळायला मला वेळ लागला नाही. या एका बाबतीत माझं क्षेत्र उपयोगी पडलं. अर्धवट सॉफ्टवेअरने माझे पत्ते पुसले होते. यंत्राच्या खोल स्मृतीत गाडीच्या पहिल्या मालकाचं 'घर' तेवढं शिल्लक होतं. गाडी आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेतली. तो म्हणाला होता, एका वयस्कर गृहस्थांची आहे, फार जपून वापरली आहे. गृहस्थांनी ती का विकली, हे आम्ही विचारलं नव्हतं. ती त्यांनी विकलीच नव्हती.

"माफ करा," मी म्हणालो. "यंत्र बिघडलं आहे."

"एरिश रविवारी याच वेळी यायचा. बेकरीतून." तिने बॉनेटवर हात ठेवला. मग टायरांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा चेहरा एकदम घरगुती झाला. "हे उन्हाळी टायर आहेत! नोव्हेंबरात? कुठे निघालात?"

विभावरीने काच खाली करून, तबक सांभाळत, एका दमात सगळं सांगितलं: आत्या, मॉर्फिन, अकरा. गाडीतल्या घड्याळाने तेव्हा दहा वीस दाखवले. हे घड्याळ मात्र पडद्यावर नव्हतं.

"तुम्ही उलट्या बाजूला आला आहात," ती बाई म्हणाली. "इथून वर जायला तास लागतो. धुक्यात जास्त. या टायरांवर एरिश कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेला नसता." तिने गॅरेजचं दार बंद केलं, आत जाऊन कोट घालून आली आणि नानांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. "मी शेजारच्या गावची आहे. धुक्यात तुम्हाला फाटा सापडणार नाही. आजोबांना मागे बसवा, ही माझी जागा आहे."

नानांना जर्मन येत नाही, पण ते लगेच उतरले. मागे विभावरीच्या शेजारी बसताना ते हळूच म्हणाले, "ही कोण ग?"

"गाडीची पहिली मालकीण, नाना."

"बरं झालं. कुणीतरी विचारायला मिळालं."

फ्राऊ रुओफ, हे त्यांचं नाव, रस्ता फार कमी शब्दांत सांगत. "इकडे." "हळू." "अजून हळू." पडद्यामागची बाई अधूनमधून "शक्य तिथे मागे वळा" म्हणायची, तेव्हा फ्राऊ रुओफ पडद्यावर हाताने चापट मारत. चढावर एका ठिकाणी चाकं जागच्या जागी फिरली. फ्राऊ रुओफनी डोळे मिटून घेतले आणि आम्ही घसरत, मग न घसरत, वर आलो. अकरा वाजले तेव्हा आम्ही अजून जंगलात होतो. नाना खिडकीच्या काचेवरचं धुकं बोटाने पुसत होते. ते बाहेरून होतं.

शुश्रूषागृह त्या नव्या वस्तीत सगळ्यांत शेवटी होतं. साडेबारा वाजून गेले होते. "मी गाडीतच बसते," फ्राऊ रुओफ म्हणाल्या. आम्ही धावलो, नाना धावू शकत नाहीत, तेही धावले.

मजल्यावर नर्सने आम्हाला अडवलं. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. "कुठे होतात तुम्ही?"

"माफ करा. झोपल्या असतील ना? नुसतं पाहून—"

"झोपल्या? त्यांनी इंजेक्शन घेतलेलं नाही! अकरापासून मी सुई घेऊन तीनदा गेले. भाऊ येतोय म्हणतात. रात्रीचा डोस कधीच उतरला आहे. तुम्हाला कल्पना आहे का, ते काय असतं?"

कल्पना नव्हती. आत गेल्यावर आली.

कुसुमआत्या पलंगावर उशांना टेकून ताठ बसल्या होत्या. अंगावर रुग्णालयाच्या झग्यावरून गुंडाळलेली साडी होती. पलंगाचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. खालचा ओठ चावून फुटला होता. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या, दाराकडे पाहत होत्या. नाना दारात आले तेव्हा त्यांनी दांडा सोडला.

"टोपी घाल," त्या मराठीत म्हणाल्या.

नानांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. विभावरीने निरांजन पुढे केलं. नर्सने मान हलवली. तिथे ज्योत लावायची नाही, छताला धूर लागताच वाजणारा भोंगा होता. तिने कुठूनसा बॅटरीवरचा दिवा आणला. त्याची खोटी ज्योत ठरावीक लयीत फडफडत होती. विभावरी आत्यांचं मनगट धरायला गेली.

"सोड. माझा भाऊ आहे."

कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं. अक्षता चष्म्यावर पडल्या. ओवाळताना दर फेरीला त्या मध्ये थांबत, डोळे मिटत, श्वास सोडत आणि पुढची फेरी घेत. तीनही फेऱ्या त्यांनी पुऱ्या केल्या. नानांनी तबकात पैठणी ठेवली, उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथूनच बोलायला सुरुवात केली.

"ताई, उशीर झाला ग. गाडीतलं यंत्र बिघडलं. म्हणजे नकाशाचं. भलतीकडेच घेऊन गेलं."

"आज ना?" आत्या म्हणाल्या. "आणि त्याच्या आधी चाळीस वर्षं कशाने बिघडलं होतं रे?"

विभावरीने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत दोष देण्यासाठी मी हजर होतो, तयार होतो, पण मला कुणी विचारलं नाही.

आत्यांनी नर्सकडे मान वळवून जर्मनमध्ये सांगितलं, "आता द्या." नर्स जवळजवळ झेपावली. सुई जात असताना आत्यांची नजर नानांवरून हलली नाही. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, मग जबडा सैल झाला.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या, "लवकर निघ."

नर्सला मराठी येत नव्हतं, आम्हाला येत होतं. विभावरी खिडकीकडे वळली. नानांनी चष्म्यावरच्या अक्षता काढल्या, एकेक करून तबकात ठेवल्या, आणि माणूस ज्या गांभीर्याने तिकीट काढण्यापूर्वी विचारतो त्या गांभीर्याने विचारलं, "किती वाजता निघू, ताई?"

"उजाडताना," आत्या म्हणाल्या आणि झोपल्या.